कडीवरचा हातमोजा

आमचे घरमालक ठार बहिरे होते आणि गल्लीतल्या प्रत्येक आवाजाशी त्यांचं भांडण होतं. या दोन गोष्टी एकाच माणसात कशा नांदतात, असं नव्या भाडेकरूला वाटायचं. आठवड्याभरात वाटणं थांबायचं, कारण तोवर त्यालाही एकदा दम बसलेला असायचा.

मला तो पहिल्याच दिवशी बसला. धाराशिवकडून ट्रंक, गादी आणि प्रेशर कुकर घेऊन मी भरदुपारी टेम्पोतून उतरलो आणि ट्रंक फरशीवरून ओढत जिन्याकडे निघालो. जिन्याखालच्या खोलीतून एक उंच, वाळलेला म्हातारा अनवाणी धावत आला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "ओढू नको! उचल! माणसं झोपलीत!" वरच्या दोन खोल्यांची दारं उघडली आणि झोपलेली माणसं डोळे चोळत बाहेर आली. म्हाताऱ्यानं त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "बघ. उठवलंस ना?"

ट्रंकेचा आवाज त्यांना ऐकू आला नव्हता. तो त्यांना तळपायांतून कळला होता. घरात आणि अंगणात ते कधीच चप्पल घालत नसत. फरशी, जिना, दाराची चौकट, पाण्याची टाकी, कशालाही हात किंवा पाय लावून ते आवाज ओळखायचे. शंका आली की स्टीलचा पेला पाण्यानं काठोकाठ भरून भिंतीतल्या फळीवर ठेवायचे आणि पाण्याकडं टक लावून बसायचे. पाणी थरथरलं की गुन्हा सिद्ध.

'मालक' म्हटलेलं त्यांना चालत नसे. "मालक कंपनीला असतो. मी खोल्या देतो," असं म्हणायचे. म्हणून सगळे त्यांना काका म्हणत. ते मात्र आम्हाला खोलीच्या नंबरानं हाक मारत. मी पाच नंबर. ओठांवरून नावं धड वाचता येत नाहीत, आकडे बोटांवर दाखवता येतात, हे त्यामागचं कारण होतं. माझ्या लग्नाची पत्रिका हातात दिली तेव्हा त्यांनी चष्मा लावून ती नीट वाचली आणि "अच्छा, हे नाव हाय का तुझं," असं म्हणाले. पुढच्या वाक्याला मी पुन्हा पाच नंबर झालो.

घर तळवड्याच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून आत. खाली काका-काकू आणि दोन खोल्या, वर चार. आम्ही सगळे कंपन्यांत. कोणी चाकणला, कोणी भोसरीला, कोणी तळवड्यातच. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होतो, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या मालात खोड्या काढायला. फर्स्ट, सेकंड, थर्ड अशा शिफ्ट आठवड्यागणिक बदलायच्या आणि सहा खोल्यांत कोणत्याही वेळी कोणीतरी गाढ झोपलेलं असायचंच.

"आपल्या इथं रात्र नसती," काका म्हणायचे. "जो झोपला, त्याची रात्र."

त्यासाठी त्यांनी हातमोज्याची पद्धत पाडली होती. कंपनीत मिळतात ते पांढरे सुती हातमोजे. धुऊन धुऊन त्यांचा रंग चहासारखा होतो. झोपायला जाताना त्यातला एक दाराच्या कडीला बाहेरून अडकवायचा. हातमोजा दिसला की आत माणूस झोपलाय. मग दार वाजवायचं नाही, फोन करायचा नाही, जिन्यात मोठ्यानं बोलायचं नाही. सुरुवातीला मी याला हसलो होतो. पुढं असं झालं की दूधवाला मुकाट पिशवी खिळ्याला लावून जाई आणि गॅसवाला सिलिंडर गडगडत न आणता खांद्यावरून आणी. भाजीवाल्याच्या गाडीवर स्वतःच्याच आवाजाची रेकॉर्ड लावलेली असायची, "कांदे घ्या, बटाटे घ्या". आमच्या गल्लीच्या तोंडाशी तो ती बंद करायचा आणि हातवारे करून भाजी विकायचा. काकांना ते फार सोयीचं पडे.

फक्त काका-काकूंच्या स्वतःच्या कडीला हातमोजा कधी दिसला नाही. बहिऱ्याच्या दारावर तो लावून करायचं काय?

जयंतीच्या मिरवणुकीत काका सर्वांत पुढं असायचे. पांढरी पँट, पांढरा शर्ट, निळा फेटा. मागं ट्रकवर स्पीकरचे बॉक्स रचलेले आणि पोरं नाचताहेत. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर आले की काका हात वर करायचे. बॉक्स बंद. पोरं नुसत्या टाळ्या वाजवत गल्लीतून जायची आणि पलीकडं निघाली की पुन्हा सुरू. पहिल्या वर्षी पोरं कुरकुरली होती म्हणतात. "काका, वर्षातून एक दिवस!" त्यावर काका म्हणाले होते, "बाबासाहेब रात्र-रात्र वाचत बसायचे. शेजारी बॉक्स लावले असते तर आज आपण कुठं असतो?" पुढं गणपतीच्या मंडळाला वेगळं सांगायची गरज पडली नाही. स्वतःच्यांना सोडलं नाही तो आपल्याला काय सोडणार, हे त्यांनी ओळखलं.

काकांचे कान एका फोर्जिंग कंपनीच्या हॅमर शॉपमध्ये गेले होते. लालभडक झालेलं लोखंड साच्यावर ठेवायचं आणि वरून यंत्राचा घण पडायचा. तो पडला की बाहेरच्या टपरीवरच्या कपातला चहा हलायचा, असं ते सांगत. कानात कापूस घालायची मुभा होती, पण कापूस घातला की फोरमनची हाक ऐकू येत नसे आणि तिथं फोरमनची हाक न ऐकणं जास्त धोक्याचं. आधी डावा कान गेला, मग उजवा. हे सांगताना त्यांच्या बोलण्यात तक्रार नसायची. "माझ्या वाट्याचा आवाज खाऊन झाला," म्हणायचे. "आता तुमच्या वाट्याचा वाचवतो."

काकू याच्या बरोब्बर उलट. बुटक्या, गोलमटोल आणि अखंड बोलत. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, काकांच्या पाठीमागं बसून लसूण सोलताना त्यांचं चालूच. कालची आमटी, माहेरचा ओढा, मुलीच्या सासूचा स्वभाव, काकांचा स्वभाव. काकांचा स्वभाव हा मुख्य विषय. काका शेजारीच शांतपणे पेपर वाचत असत. "ह्यांना ऐकू येत नाही म्हणून टिकला आमचा संसार," काकू मला म्हणाल्या होत्या. समोरासमोर मात्र त्या काकांशी नुसते ओठ हलवून बोलत, तेही कामापुरतं. चहा. गोळी. नळाला पाणी आलं. तोंडावर बोलायचं ते आवाजाशिवाय आणि पाठीमागं बोलायचं ते आवाजासकट, असा त्या घराचा रिवाज होता.

मुलीनं आणून दिलेलं कानाचं मशीन कपाटात डबीसकट पडून होतं. काकांनी ते एकदाही लावलं नव्हतं. मी एकदा बोटांनी खुणा करून विचारलं, का लावत नाही. ते म्हणाले, "कशाला? आता ऐकण्यासारखं राहिलंय काय?" काकू मागं मेथी निवडत होत्या. त्यांचं बोलणं मध्येच थांबलं आणि बराच वेळ पुन्हा सुरू झालं नाही.

काकांनी आम्हाला शिकवलेली आणखी एक विद्या होती आणि तिचा त्यांना अभिमान होता. कंपनीत वर्षाला मेडिकल होतं. त्यात कानांची तपासणी असते. काचेच्या केबिनमध्ये बसवतात, कानांना हेडफोन लावतात आणि बारीक 'टूं' ऐकू आला की बटण दाबायचं. ज्याचे कान कमजोर निघतील त्याचं कॉन्ट्रॅक्ट पुढं वाढत नाही, असा आमच्यात समज होता. खरा की खोटा, हे विचारायला कोणी गेलं नव्हतं. काकांचा उपाय सोपा होता. "आवाजाची वाट बघू नको. काचेतून मशीनवाल्याच्या कोपराकडं बघ. कोपर हाललं की दाब." या युक्तीवर ते स्वतः रिटायर होईपर्यंत पास होत गेले. कंपनीच्या दृष्टीनं त्यांचे कान अखेरपर्यंत ठणठणीत होते. प्रेस शॉपमध्ये लागलेल्या प्रत्येक भाडेकरूला ते खुर्चीवर बसवून हे शिकवत आणि स्वतः मशीनवाला होऊन कोपर हलवून दाखवत.

यात सर्वांत तरबेज झाला तो तीन नंबर.

तीन नंबर माझ्या आधीपासून तिथं होता. मोटारींच्या दारांचे पत्रे दाबणाऱ्या प्रेसवर त्यानं बरीच वर्षं काढली होती. काकूंच्या हातची भजी त्याच्याइतकी कोणी खाल्ली नसतील. काकूंचं बोलणं ऐकायला तो मुद्दाम पायरीवर बसायचा, मधूनमधून "हो ना काकू" म्हणायचा, आणि म्हणून त्या त्याच्यावर खूश. पुढं त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. तो एका मित्रासोबत बारच्या धंद्यात शिरला आणि बार निघाला तो नेमका आमच्या घराच्या मागं, भिंतीला भिंत लावून. तो पेढे घेऊन आला. काका-काकू पंचशील पाळणारे, दारूला घरात थारा नाही. पण काकांनी पेढा घेतला, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "धंदा कर. पण भिंत आपली एक हाय, ध्यानात ठेव." खोली सोडली तरी सगळे त्याला तीन नंबरच म्हणत राहिले. नवीन आलेला खोलीवाला बिचारा 'नवा तीन नंबर' झाला.

वर्षभर तो शब्दाला जागला. गाणी लागायची ती पलीकडं गुणगुणल्यासारखी. मग आवाज चढू लागला. एका दिवसात नाही, भाव वाढतात तसा, थोडाथोडा. पुढं पुढं मध्यरात्र उलटल्यावरही आमच्या खोल्यांतली भांडी मांडणीवर नाचायला लागली. दोन नंबरला पहाटेची कंपनीची बस असायची. तो कानांवर उशी दाबून पडायचा. एक दिवस कामावर त्याला मशीनवरच डुलकी लागली. सेन्सरनं मशीन जागच्या जागी थांबलं म्हणून बोटं राहिली. त्या संध्याकाळी आम्ही सगळे खाली जमलो आणि काकांना स्पष्ट सांगितलं, बारचा आवाज बंद झाला नाही तर दिवाळीपर्यंत आम्ही दुसरीकडं खोल्या बघतो.

काकूंनी ते ओठ हलवून त्यांना पुन्हा एकदा सांगितलं. काकांनी आम्हा एकेकाकडं पाहिलं. खोल्या ओस पडतील अशी भीती नव्हती, तळवड्यात रिकामी खोली आठवडाभरही राहत नाही. पण त्या गोंगाटात जे राहायला येतील ते कडीला हातमोजा लावणारे नसतील, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी आयुष्यात बाकी काही उभारलं नव्हतं. सहा दारं आणि त्यांवरचे सहा हातमोजे, एवढीच त्यांची कमाई होती आणि ती जाणार होती.

"पोलिसांत द्या," दोन नंबर म्हणाला.

"पोलीस एक दिवस येतील," काका म्हणाले. "शेजार रोजचा हाय."

ते पाण्यानं भरलेला पेला घेऊन बारमध्ये गेले. पेला काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "बघ." पाण्यावर बारीक लाटा उठत होत्या. तीन नंबरनं कान धरले, माफी मागितली, आवाजाचं बटण खाली आणलं. दुसऱ्या दिवशी आवाज पुन्हा तिथंच. काका पुन्हा पेला घेऊन गेले. असं बरेच दिवस चाललं. गिऱ्हाइकं म्हणायची, म्हातारा पाणी घरून आणतो.

अखेर तीन नंबर वैतागला. "काका," तो त्यांच्या तोंडासमोर तोंड आणून म्हणाला, "तुम्हीच सांगायचे ना, जो झोपला त्याची रात्र? मग जो जागा आहे त्याची संध्याकाळ नको का? सेकंड शिफ्टवाले कधी सुटतात? मध्यरात्री. आठ तास मशीनपुढं उभं राहून आलेला माणूस दोन घटका कुठं बसणार? त्याची संध्याकाळच तेव्हा होते, राव."

काका परत आले, पेल्यातलं पाणी अंगणातल्या कढीपत्त्याला घातलं आणि म्हणाले, "त्याचं बरोबर हाय."

मला त्यांचा भयंकर राग आला. दोन नंबर तर तिथंच बडबडायला लागला, म्हातारा फितूर झाला म्हणून. आमच्या झोपेचं खोबरं होत होतं आणि हे न्याय तोलत बसले होते. पण ते तसेच होते. आपलाच नियम उलटून अंगावर आला तर ते त्याला बाजू देत. त्यांनी एवढंच ठरवलं की जागणाऱ्यांची संध्याकाळ कशी असते ते आपण बघून घ्यावं. आणि ते रोज बारमध्ये जाऊन बसू लागले. भिंतीलगतच्या टेबलावर, पुढ्यात साधा सोडा, हात टेबलावर पालथे. शिफ्ट सुटलेल्या माणसांनी भरलेल्या त्या टेबलांमध्ये दारू न पिणारा आणि गाणं न ऐकणारा तो एकच माणूस. "ह्या वयात बार!" काकू त्यांच्या पाठीमागं म्हणाल्या. "सांगितलं असतं मला, मीही आले असते."

एका दुपारी मी अंगणात दाढी करत होतो. माझी सुट्टी होती. काका येऊन पायरीवर बसले.

"पाच नंबर, तो माझ्या तोंडाकडं बघतो."

"कोण?"

"तीन नंबर. बोलताना."

मी खुणेनं म्हटलं, सगळेच बघतात.

"न्हाई. सगळे डोळ्यांत बघतात. तोंडाकडं मी बघतो." ते जवळ सरकले. "काल वेटरच्या हातातला ट्रे पडला. ग्लास, प्लेटी, सगळं. मला कसं कळलं? सगळ्यांच्या माना वळल्या. दोघांच्या न्हाई वळल्या. माझी आणि त्याची. त्याच्या मागंच पडला होता ट्रे."

मला कळायला वेळ लागला. गाणं मोठं लागत होतं ते गिऱ्हाइकांसाठी नव्हतं. काउंटरवर उभ्या तीन नंबरला स्वतःला ऐकू येईल इतकं तो ते ठेवत होता आणि त्याला दिवसेंदिवस कमी ऐकू येत होतं. त्याचं त्यालाच माहीत नव्हतं. इतक्या वर्षांच्या प्रत्येक मेडिकलमध्ये तो पास झाला होता.

"कोपराकडं बघून," काका म्हणाले. "मी शिकवलं." त्यांचा आवाज नेहमीसारखाच मोठा होता, त्यामुळं ते सगळ्या गल्लीनं ऐकलं. मग ते उठले, घरात गेले आणि संध्याकाळी चहालाही बाहेर आले नाहीत. मला फार वाईट वाटलं त्यांच्यासाठी. चार पोरांच्या नोकऱ्या टिकाव्यात म्हणून त्यांनी जे हौसेनं शिकवलं, त्यातूनच हे निघालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तीन नंबरला बोलावून घेतलं. तो केस ओलेच घेऊन आला.

"तुला ऐकू येत न्हाई," काका म्हणाले.

तो हसला. "काका, तुम्ही सांगताय हे?"

काकांनी त्याचे खांदे धरून त्याला भिंतीकडं तोंड करून उभं केलं आणि काकूंना खूण केली. काकू मागं उभ्या राहिल्या. "तीन नंबर, भजी करते, खाणार का?" त्यांनी नेहमीच्या आवाजात विचारलं. तो भिंतीकडं बघत उभा होता. काकूंनी पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. तो तसाच. तिसऱ्यांदा त्यांना विचारता आलं नाही. त्यांनी पदर तोंडाला लावला. किती दिवस हा आपल्याशेजारी बसून नुसताच "हो ना काकू" म्हणत होता, हे त्यांच्या मनात आलं असावं. तीन नंबरनं मान वळवून आमचे चेहरे पाहिले आणि त्याचं हसू गेलं.

तरी तपासायला जायला तो तयार होईना. आधी म्हणाला सर्दी आहे, मग म्हणाला वेळ नाही. शेवटी म्हणाला, "तुमचं मशीन कपाटात पडलंय आणि मला मशीन लावायला सांगता होय? तुम्ही लावा आधी. मग मी येतो."

काकांनी काकूंकडं पाहिलं. काकूंनी लगेच डबी आणली नाही. त्या चक्क घाबरल्यासारख्या दिसत होत्या. मग आत जाऊन ती घेऊन आल्या; काकांनी मशीन कसंबसं कानात अडकवलं, पण चालू केलं नाही.

कानाच्या डॉक्टरांकडं निगडीला आम्ही तिघं गेलो. तिथंही तीच काचेची केबिन आणि बाहेर बसलेली मशीनवाली मुलगी. तीन नंबर हेडफोन लावून बसला आणि सवयीनं त्याची नजर तिच्या कोपरावर गेली. काका पुढं झाले आणि काचेला पाठ लावून मध्ये उभे राहिले.

"काका, बाजूला व्हा ना," मुलगी म्हणाली.

"न्हाई. त्याला माझी पाठच दिसू दे."

तीन नंबरनं बटण फारसं दाबलंच नाही. तो बाहेर आला. काकांनी त्याला रसवंतीवर नेलं आणि दोघं एकमेकांच्या तोंडाकडं बघत रस पीत बसले.

काकांचं मशीन त्याच दिवशी तिथं नीट बसवून मिळालं. घरी येईपर्यंत त्यांनी ते बंद ठेवलं होतं. रात्री बार रंगात आल्यावर त्यांनी अंगणात उभं राहून ते चालू केलं. आम्ही सगळे जिन्यावर. त्यांनी दोन्ही हातांनी कठडा धरला. "हे?" ते म्हणाले. "हे असं रोज?" आणि लगेच दचकून तोंडावर हात ठेवला, कारण त्यांना स्वतःचा आवाज ऐकू आला होता. "अरे, मी एवढ्यानं बोलतो?" त्यांनी आमच्याकडं बघत, चाचपडत, हळू आवाजात विचारलं. "म्हणजे आजवर सगळ्यांत जास्त मीच उठवलं की तुम्हाला."

'नाही नाही काका' म्हणायची ती वेळ होती. आमच्यातलं कोणीच म्हणालं नाही.

तीन नंबरच्या कानांत मशीन आलं त्याला पुढं काही दिवस लागले. ते लावून तो पहिल्यांदा काउंटरवर उभा राहिला तेव्हा काका त्यांच्या टेबलावर सोडा घेऊन होते. तेव्हाचं हे त्यांनीच सांगितलेलं. गाणं सुरू झालं आणि तीन नंबर कान दाबून ओरडला, "कोणी लावलंय एवढं मोठं?" वेटर म्हणाला, "शेठ, तुम्हीच." त्यानं बटण खाली आणलं, आणखी खाली आणलं. गिऱ्हाइकं काही बोलतील म्हणून तो थांबला. सेकंडवाल्यांना म्हणे बरंच वाटलं. त्यांना दिवसभराचं बोलायचं होतं आणि इतके महिने ते एकमेकांच्या कानाशी लागून ओरडत होते. तीन नंबरनं त्या बटणावर एक हातमोजा चढवला आणि सुतळीनं बांधून टाकला. मी तो पाहिलेला आहे.

दिवाळीला आमच्यापैकी कोणीही गेलं नाही.

आता मी मोशीला सोसायटीत राहतो. तिथं लिफ्ट आहे, नियमांचा फलक आहे आणि कोणी जोरात दार लावलं तर रागवायला व्हॉट्सॅप ग्रुप आहे. शेजारी कोणत्या शिफ्टला जातो हे मला माहीत नाही. नाइटवरून आल्यावर मी एकदा कडीला हातमोजा लावून झोपलो. थोड्याच वेळात बेल वाजली. वॉचमन हातमोजा हातात घेऊन उभा होता. "साब, ये किसीका गिर गया था." मी त्याचे आभार मानले.

तिकडं असताना, काकांचं मशीन डबीत परत जाईल, अशी आम्हा सगळ्यांची खात्री होती. अटीपुरतं लावलं होतं, अट पुरी झाली. काकाही तसंच म्हणत. सारखं कुरकुरतं, कान खाजतो, नळाचं पाणी केवढ्यानं पडतं, कावळे किती बोलतात. दिवसातला बराच वेळ ते खिशात असायचं. काकूंची तर पंचाईतच झाली होती. कोणत्या वेळी ते कानात आहे आणि कोणत्या वेळी खिशात, याचा अंदाज नसल्यामुळं त्यांनी बोलणंच टाकलं होतं. इतकी वर्षं पाठीमागं चाललेलं ते सगळं एकदम बंद झालं. घर सुनं वाटायचं. मला वाटलं, आवाज वाचवता वाचवता काकांनी घरातला हा एक आवाज मात्र घालवला.

ते घर सोडायच्या थोडे दिवस आधीची दुपार. माझ्या कुकरची रिंग गेली होती म्हणून काकूंचा कुकर वर नेला होता, तो परत द्यायला मी खाली आलो. दारापाशी आलो आणि थबकलो. काका-काकूंच्या कडीला हातमोजा लावलेला होता.

त्या घरात इतकी वर्षं राहून मी तो तिथं कधी पाहिला नव्हता. वाटलं, काकांना बरं नाही. तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला. पाठीमागं बोलायचा तो नव्हता. सावकाश, मध्ये थांबत, समोर बसलेल्या माणसाला सांगावं तसा.

"...आणि तुम्ही नाइटला जायचा. नवीनच होते मी. पत्र्याची खोली. वारा सुटला की सगळं वाजायचं. मला एकटीला फार भ्या वाटायचं. सकाळी तुम्ही आलात की सांगायचं ठरवायचे."

"मग?" काकांचा आवाज. इतका हळू मी तो कधीच ऐकला नव्हता.

"मग काय. तुम्ही येऊन झोपायचा. झोपेतून कसं उठवायचं? म्हणून नाही सांगितलं."

"आणि नंतर?"

"नंतर तुम्हाला ऐकू येईनासं झालं."

मग काका म्हणाले, "सांग आता. पहिल्यापासून सांग."

काकू सांगू लागल्या. मी मागं वळलो. कुकरची शिट्टी खडखडू नये म्हणून ती मुठीत धरली, चपला काढून दुसऱ्या हातात घेतल्या आणि अनवाणी जिना चढलो.